निकाल लागेपर्यंत भाषा ताटकळू नये : सीमाभागातील मराठी भाषकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. केंद्रीय गृहमंत्री, भारत सरकार,
मा. मुख्यमंत्री, कर्नाटक राज्य,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य.

महोदय,

आम्ही बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यातले मराठी पालक, शेतकरी, शिक्षक आणि गावोगावच्या वाचनालयांचे कार्यकर्ते आहोत. सीमाप्रश्नावर आजवर तिन्ही सरकारांकडे किती निवेदने गेली याची मोजदाद कोणीच ठेवलेली नसेल. त्या सगळ्यांत एक मागणी कायम होती : मराठी बहुभाषक गावे महाराष्ट्रात घ्या. ती आमचीही मागणी आहे, आम्ही ती सोडलेली नाही आणि तिचा निवाडा सर्वोच्च न्यायालय करील. पण हे पत्र लिहिले आहे ते निवाडा होईपर्यंतच्या दिवसांसाठी. हे दिवस मोजायला बसलो तर आमच्यातल्या कित्येकांचे सारे आयुष्य त्यातच गेले आहे.

मे 1946 मध्ये बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर. मराठी भाषकांचे एकच राज्य व्हावे हा संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच मांडवात झाला आणि त्यातून शंकरराव देव यांच्या पुढाकाराने संयुक्त महाराष्ट्र परिषद उभी राहिली. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता. ज्या गावाने ही मागणी पहिल्यांदा इतक्या ठामपणे मांडली, ते गाव 14 वर्षांनी राज्य झाले तेव्हा त्या राज्याबाहेर होते. बेळगावच्या घराघरांत ही गोष्ट आजोबा नातवाला सांगतात. ती सांगताना त्यांचा आवाज आजही बदलतो.

स्वातंत्र्यानंतर भाषावार राज्यांच्या प्रश्नाची दिल्लीला बराच काळ धास्ती होती. 1948 मध्ये दार आयोगाने भाषेवर राज्ये करू नयेत असे सांगितले. नेहरू, पटेल आणि पट्टाभि सीतारामय्या यांच्या समितीने 1949 मध्ये हा प्रश्न पुढे ढकलावा असाच सल्ला दिला. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, त्यामुळे ती भीती आम्ही समजू शकतो. पण 15 डिसेंबर 1952 रोजी पोट्टी श्रीरामुलू यांचा उपोषणात अंत झाला, तेलुगू मुलूख पेटला आणि 1 ऑक्टोबर 1953 रोजी आंध्र राज्य झाले. त्यानंतर फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. 1955 मध्ये त्याने अहवाल दिला.

या अहवालापाशी थांबणे भाग आहे, कारण आमचा आजचा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. आयोगाने सीमा ठरवताना सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक धरला. जिल्हा फोडून एखादा तालुका दुसरीकडे द्यायचा तर नुसते काठावरचे बहुमत पुरेसे नाही, ते चांगले भक्कम हवे, असा त्याचा रोख होता. बेळगाव जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात मराठी भाषक नव्वद टक्क्यांच्या वर होते, म्हणून तो महाराष्ट्राच्या बाजूला राहिला आणि पुढे कोल्हापूर जिल्ह्यात गेला. बेळगाव आणि खानापूर या तालुक्यांतही मराठी भाषक बहुसंख्य होते, पण चंदगडइतके नव्हते. बाकीचा जिल्हा कन्नड बहुभाषक. म्हणून 1 नोव्हेंबर 1956 रोजी हे दोन्ही तालुके जिल्ह्यासोबत त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले.

त्याच आयोगाने राज्यकारभाराच्या भाषेविषयीही एक माप घालून दिले होते. एका भाषेचे लोक सत्तर टक्के किंवा अधिक असतील तरच ते राज्य कारभारापुरते एकभाषी मानावे. दुसऱ्या भाषेचे लोक तीस टक्के किंवा अधिक असतील तर कारभार दोन्ही भाषांत चालावा. आणि जिथे अल्पसंख्य भाषक पंधरा ते वीस टक्के आहेत अशा तालुक्यांत आणि नगरपालिकांत महत्त्वाच्या सरकारी सूचना, नियम आणि मतदारयाद्या त्यांच्याही भाषेत छापल्या जाव्यात. केंद्र सरकारने 1956 मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे टिपण काढले त्यात हे माप आले, आणि 1961 मध्ये सगळ्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत त्याला पुन्हा मान्यता मिळाली.

आमचे म्हणणे सरळ आहे. आमचे बहुमत पुरेसे भक्कम नाही असे सांगून सीमा आखली गेली. मग जे प्रमाण आहे त्याला लागून येणारे हक्क तरी द्या. 2011 च्या जनगणनेत एकट्या बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा नोंदवणारे अठरा टक्क्यांहून अधिक आहेत, आणि बेळगाव व खानापूर तालुक्यांत हे प्रमाण पुष्कळ मोठे आहे. आमच्या विरुद्ध टक्केवारी लावायची वेळ आली तेव्हा ती लावली गेली. आमच्या बाजूने लावायची वेळ आली तेव्हा मात्र ती फायलीतच राहिली. ही तक्रार आम्ही कोणत्याही एका पक्षाच्या सरकारविरुद्ध करत नाही. सगळ्या पक्षांची सरकारे येऊन गेली आहेत.

बाकीचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. 16 जानेवारी 1956 रोजी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि मुंबईत रक्त सांडले. दुसऱ्या दिवशी, 17 जानेवारीला, बेळगावातही गोळीबार झाला. आजही दर 17 जानेवारीला आम्ही हुतात्मा चौकात जमतो. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लढ्यातून 1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, सीमाभाग मात्र राहिला. तत्कालीन मुंबई राज्य सरकारने 1957 मध्येच केंद्राला निवेदन दिले होते : खेडे हा घटक, सलग भूभाग, भाषिक बहुसंख्या आणि लोकांची इच्छा या तत्त्वांवर सीमा पुन्हा आखा. ही तत्त्वे ह. वि. पाटसकर यांनी आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेसाठी वापरली होती आणि ती तिथे चालली. सेनापती बापट यांच्या उपोषणानंतर 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला. त्याच्या 1967 च्या अहवालाने 264 गावे महाराष्ट्राला देऊ केली, पण बेळगाव कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने तो नाकारला. 1986 च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात पुन्हा गोळ्या चालल्या. हिंडलग्याचे स्मारक त्यात बळी पडलेल्यांचे आहे. मार्च 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला, आणि तेव्हापासून आम्ही तारखा मोजतो आहोत.

आता आमच्या मागण्या.

पहिली मागणी कागदाची आहे. ग्रामपंचायत, तालुका पंचायत, महसूल खाते आणि महानगरपालिका यांच्याकडून मराठी बहुभाषक गावांत आणि प्रभागांत जाणारी प्रत्येक नोटीस, घरपट्टीचा दाखला, पहाणी उतारा, मतदारयादी आणि ग्रामसभेचे इतिवृत्त कन्नडबरोबर मराठीतही मिळावे. नुसती विनंती केल्यावर नव्हे, मुळातच.

हे का, ते एका प्रसंगावरून सांगतो. आमच्या कार्यकारिणीतल्या एका सदस्याचे वडील खानापूर भागातले, वय सत्तरीच्या पुढे, चौथी पास, देवनागरी झरझर वाचतात. रोज सकाळी ओसरीवर बसून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, मृत्यूच्या बातम्यांसकट, मोठ्याने वाचायची त्यांची सवय. एक दिवस एका कचेरीतून शिपाई कागद देऊन गेला. कागद कन्नडमध्ये. त्यांना त्यातला स्वतःचा सर्व्हे नंबर तेवढा कळला, कारण आकडे. त्यांनी कागदाची चौपदरी घडी करून ती देवघरातल्या पोथीत ठेवली, मुलगा कोल्हापुराहून आल्यावर दाखवू म्हणून. मुलगा आला तिसऱ्या आठवड्यात. तोवर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने तो कागद वाचून दाखवला होता. ते गृहस्थ कन्नड भाषक, आमचे जुने शेजारी, त्यांनी तो दोनदा वाचला आणि मग गप्प राहिले. बांधाच्या मोजणीवर हरकत घेण्याची मुदत पंधरा दिवसांची होती. ती उलटून तीन दिवस झाले होते.

त्या दुकानदाराचे नाव आम्ही इथे लिहीत नाही, पण त्यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. आमचे भांडण कन्नड माणसाशी नाही. तो आमच्या शेजारी राहतो, आमच्या लग्नात जेवायला येतो, आमच्या नोटिसा वाचून देतो. आमची मुले शाळेत कन्नड शिकतात आणि त्यांनी ती शिकलीच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की सत्तर वर्षांचा माणूस आपल्याच जमिनीचा कागद वाचायला दुसऱ्याच्या दुकानात का जातो?

दुसरी मागणी नावाची आहे. ती वरवर किरकोळ वाटेल, पण याच प्रश्नामुळे दर जूनमध्ये आमच्याकडे पालक रडत येतात. मराठीत आपण 'ज्ञ' हे अक्षर 'द्न्य' असे उच्चारतो. कन्नडमध्ये त्याचा उच्चार वेगळा होतो. ज्ञानेश्वर नावाच्या मुलाचे नाव शाळेच्या दाखल्यात कन्नडमधून इंग्रजीत गेले की त्याची सुरुवात 'जे-एन' अशी होते. आधार कार्डावर बापाने स्वतः सांगितलेले स्पेलिंग 'डी-एन-वाय' असे असते. हाच मुलगा पुढे महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात सीमाभागातला उमेदवार म्हणून अर्ज करतो, तेव्हा खिडकीवरचा माणूस दोन कागद शेजारी ठेवतो आणि म्हणतो, हे दोघे वेगळे दिसतात. मग प्रतिज्ञापत्र, मग नोटरी, मग राजपत्र, आणि तोवर प्रवेशाची फेरी संपते. आडनावांचे तर विचारूच नका. जन्म, मृत्यू, शाळा आणि जमीन या चारही नोंदींत मराठी नाव देवनागरीत मूळ रूपात लिहावे, आणि इंग्रजी रूप घरच्यांनी सांगितले तसेच घ्यावे. याला पैसा लागत नाही, फक्त रकान्यात एक ओळ वाढवावी लागते.

तिसरी मागणी शाळांची. घटनेच्या 350अ कलमाने प्रत्येक राज्यावर अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची जबाबदारी टाकली आहे. त्याच्याही आधी, 1949 मध्ये, प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने माप ठरवले होते : वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले त्या भाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. आमच्या बहुतेक गावांत हे माप कितीतरी पटींनी पूर्ण होते. तरीही कित्येक मराठी शाळांत एक शिक्षक तीन वर्ग सांभाळतो, रिकाम्या जागांवर वर्षानुवर्षे अतिथी शिक्षक येतात आणि मार्चमध्ये त्यांची नेमणूक संपते. पावसाळ्यात अशा एका शाळेत आम्ही गेलो होतो. एकाच खोलीत पहिली खिडकीकडे तोंड करून, दुसरी फळ्याकडे आणि तिसरी दाराकडे बसली होती. बाई मधोमध उभ्या राहून तिन्ही बाजूंना वळत होत्या. दाराकडच्या मुलांचा पाढा चालू असताना खिडकीकडची मुले उगाच हसत होती, आणि बाई त्यांना रागावल्या नाहीत, कारण रागवायला त्यांच्यापाशी वेळच नव्हता.

शिक्षकभरतीत मराठी माध्यमाच्या जागा स्वतंत्र जाहीर कराव्यात आणि त्या मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवारांतूनच भराव्यात. मराठी माध्यमाची पुस्तके तयार करताना सीमाभागातले शिक्षक भाषांतराच्या समितीत असावेत. मुलाला शब्द घरचा वाटला तर विषयही घरचा वाटतो, हे वर्गावर उभे राहिलेला कोणीही शिक्षक सांगेल. आणि पटसंख्येच्या नावाखाली मराठी शाळा दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत विलीन करण्याआधी ग्रामसभेची लेखी संमती घ्यावी.

फलकांविषयी आम्ही फार बोलत नाही. कर्नाटकाच्या कायद्याने दुकानाच्या फलकावर साठ टक्के जागा कन्नडला राखून ठेवली आहे. त्या राज्याच्या भाषेचा मान आम्हाला मान्य आहे. उरलेल्या जागेत मराठी लिहिणाऱ्या दुकानदाराला कोणी त्रास देऊ नये, आणि गावाच्या वेशीवर, बसथांब्यावर, आरोग्यकेंद्राच्या दारावर मराठीतही नाव असावे. 2014 मध्ये येळ्ळूरच्या वेशीवरचा फलक हटवल्यावर जो लाठीमार झाला तसा पुन्हा होऊ नये.

आता महाराष्ट्र सरकारला. आपण 27 डिसेंबर 2022 रोजी विधिमंडळात एकमताने ठराव केला, 865 गावांवरचा दावा पुन्हा मांडला, नंतर महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनाही या गावांना लागू केली. त्याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. पण 865 गावांच्या यादीत जुनी गावे आहेत. गावे वाढली, वाड्या स्वतंत्र झाल्या, शहराच्या कडेला नव्या वसाहती उभ्या राहिल्या. तिथे राहणाऱ्या मुलाला सीमाभागाचा दाखला मागताना आपले घर कोणत्या जुन्या गावाच्या शिवारात येते, ते आधी सिद्ध करावे लागते. यादी अद्ययावत करा आणि ती एकदा नीट नकाशासह प्रसिद्ध करा. दाखला देण्यासाठी कोल्हापूर आणि चंदगड येथे कायम खिडकी ठेवा, म्हणजे मुंबईच्या फेऱ्या वाचतील. उचगाव, कडोली, येळ्ळूर यांसारख्या गावांत दरवर्षी ग्रामीण मराठी साहित्य संमेलने भरतात. गावचे लोक स्वतः वर्गणी काढतात, ग्रंथदिंडीत बायका डोक्यावर पुस्तके घेऊन चालतात, भाताच्या मळणीनंतरच्या दिवसांत पाहुण्यांना घरोघरी जेवायला वाटून घेतात. या संमेलनांना दरवर्षी फायली हलवून अनुदान मागावे लागू नये, त्यांच्यासाठी अर्थसंकल्पात निश्चित तरतूद असावी.

आणि याच कलमात आम्ही महाराष्ट्राकडे आणखी एक गोष्ट मागतो, आमच्यासाठी नव्हे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि जत या भागांत कन्नड भाषक आहेत, तिथे कन्नड शाळा आहेत. आम्ही कर्नाटकाकडे जे जे मागत आहोत, नोटिसा, उतारे, शिक्षक, फलक, ते सगळे त्यांना त्यांच्या भाषेत द्या, आणि आधी द्या. आमच्यातल्या काहींना वाटले की या ओळीने आमची बाजू लंगडी होईल. कार्यकारिणीत यावर दोन संध्याकाळी चर्चा झाली. शेवटी ओळ ठेवायचे ठरले, कारण जतच्या पोराला कन्नड शिक्षक मिळत नसेल आणि आम्ही खानापूरच्या पोरासाठी मराठी शिक्षक मागत असू, तर आमच्या तोंडी न्यायाची भाषा शोभणार नाही.

केंद्र सरकारकडे तीन गोष्टी मागतो. 14 डिसेंबर 2022 रोजी दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक झाली आणि दोन्ही राज्यांच्या प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती नेमण्याचे ठरले. तिने आजवर काय केले, हे लेखी प्रसिद्ध करावे आणि तिच्या पुढच्या बैठकीत या मागणीपत्रावर चर्चा व्हावी. घटनेच्या 350ब कलमाखालचे भाषिक अल्पसंख्याक आयुक्ताचे पद कधीही रिकामे राहू नये, आणि त्या आयुक्तांनी दरवर्षी बेळगाव जिल्ह्यात येऊन उघड सुनावणी घ्यावी. आणि सर्वोच्च न्यायालयातला दावा लवकर चालावा यासाठी केंद्राने स्वतः, या दाव्यातला पक्षकार म्हणून, अर्ज करावा. सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेला दिला आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण न्यायालय काहीही ठरवो, ते ठरवून टाकावे. 1956 साली ज्यांनी हुतात्म्यांना खांदा दिला त्यांच्यापैकी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. एन. डी. पाटील यांनी आयुष्यभर या प्रश्नासाठी धाव घेतली आणि 17 जानेवारी 2022 रोजी, बेळगावच्या हुतात्मा दिनीच, ते गेले.

शेवटची मागणी छोटी. 1956 पासूनची निवेदने, गावांचे ठराव, सत्याग्रहींच्या तुरुंगाच्या नोंदी, ग्रामपंचायतींची इतिवृत्ते ही सगळी कागदपत्रे दोन्ही राज्यांच्या अभिलेखागारांतून काढून त्यांच्या प्रती बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवाव्यात. आमची पुढची पिढी कोणत्याही राज्यात असो, तिला हे कागद वाचता यावेत.

या पत्रासोबत गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे आलेल्या कन्नड नोटिसांच्या छायाप्रती जोडल्या आहेत. प्रत्येकीमागे ती ज्या घरात आली त्या घराने ती कधी आणि कोणाकडून वाचून घेतली, हे पेन्सिलीने लिहिले आहे. नावे झाकली आहेत. या पत्राचे उत्तर आपल्या कार्यालयाच्या रीतीप्रमाणे कोणत्याही भाषेत द्यावे, पण त्यासोबत मराठी भाषांतर जोडावे. आम्ही ते ग्रामसभेत मोठ्याने वाचणार आहोत.

आपले,
संघटनेची कार्यकारिणी आणि सर्व सभासद